मनाच्या आठ अवस्था शिकवणारा ऑनलाइन वर्ग: एक परीक्षण

बालवाडी शिक्षिका आणि पालकांसाठी असलेला मानवी विकासाचा सहा आठवड्यांचा मराठी ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. त्याचा कणा म्हणजे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मांडलेल्या आठ मनोसामाजिक अवस्था, म्हणजे जन्मापासून उतारवयापर्यंत मन आणि भोवतालची माणसे यांच्या नात्यातून घडणारे विकासाचे टप्पे. भुकेने रडणाऱ्या तान्ह्या बाळाकडे कोणीतरी येतेच, या रोजच्या अनुभवातून जगाविषयीचा विश्वास कसा रुजतो, हे पहिल्या तासात इतक्या सावकाश उलगडले, की ‘सारखे उचलले तर बाळ लाडावेल’ हा घरोघरीचा सल्ला मला पुन्हा तपासावासा वाटला.

पौगंडावस्थेवरील दोन तास सर्वांत सकस होते. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी १९६६ साली मांडलेल्या, ‘मी कोण?’ या अर्थाच्या ओळखीच्या चार स्थितींपैकी, स्वतः शोध न घेता स्वीकारलेली ओळख समजावताना दहावीनंतर वडिलांनी ठरवलेली शाखा निमूटपणे घेणाऱ्या मुलाचे उदाहरण दिले गेले. ते मला नको तितके ओळखीचे वाटले.

प्रौढत्वाच्या तिन्ही अवस्था मात्र एकाच तासात उरकल्या. महात्मा गांधींच्या नेतृत्वाखालील १९१८ च्या अहमदाबाद गिरणी संपाचा एरिक्सन यांनी केलेला अभ्यास मध्यमवयातील सर्जनशील जबाबदारी, म्हणजे पुढच्या पिढीसाठी काही घडवण्याची ओढ, समजावण्यासाठी हाताशी असताना त्याचा उल्लेखही झाला नाही. टिपणेही वर्ग संपल्यावर आठवड्याने मिळाली. लहान मुलांसोबत काम करणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा. उतारवयातील आईवडिलांना समजून घेऊ पाहणाऱ्यांच्या हाती फारसे लागणार नाही.