रंकाळ्याचे फेरे, टेंबलाईचा चढ की चारास चार?

पावसाळा सरत आला की कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल हंगामाची तयारी सुरू होते आणि तोच प्रश्न पुन्हा येतो: दम वाढवायला करायचं काय? नोकरी किंवा कॉलेज सांभाळून तालमीच्या संघातून खेळणाऱ्याकडे नेहमीचा सराव सोडून आठवड्यात फार तर दोन दिवस उरतात. ते दोन दिवस कशात घालायचे, एवढ्यापुरताच हा आढावा. पर्याय तीन: रंकाळा तलावाभोवती लांब संथ धाव, टेंबलाईच्या चढावर इंटरव्हल (काही मिनिटं जोरात पळायचं, मधे हलकं जॉगिंग, पुन्हा तेच), नाहीतर मैदानाच्या एका कोपऱ्यात चारास चारचा खेळ.

आधी सामना काय मागतो ते बघू. वरच्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये गोलकीपर सोडून इतर खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. ‘म्हणजे १० किलोमीटर पळायची सवय हवी’ असा हिशोब लगेच केला जातो आणि तिथेच गफलत होते. हे अंतर एका चालीत कापलं जात नाही. दर दीडेक मिनिटाला दोन-चार सेकंदांची एक झेप असते, मधे चालणं, वळणं, उड्या, टॅकल. हृदयाचे ठोके बराच वेळ कमाल ठोक्यांच्या ८० ते ९० टक्क्यांवर राहतात. शाहू स्टेडियमवरच्या सामन्यात अंतर थोडं कमी भरेल, पण खेळाचा ढाचा तोच.

लांब धाव वाईट नाही. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, विश्रांतीतली नाडी उतरते, स्नायूंतलं केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, वजन आवाक्यात राहतं. सुट्टीनंतर किंवा दुखापतीनंतर परतताना पहिले दोन-तीन आठवडे हीच बरी. पण मुरलेल्या खेळाडूला तिच्यातून पुढे फारसं काही मिळत नाही, कारण सामन्यातल्या ठोक्यांपर्यंत ती पोचतच नाही. शिवाय डांबरी रस्त्यावर एकदम फेरे वाढवले की नडगी धरलीच म्हणून समजा. किती फेरे मारले हे कट्ट्यावर सांगायला छान वाटतं, एवढंच.

इंटरव्हलच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. नॉर्वेतल्या १८ वर्षांच्या आसपासच्या ज्युनियर खेळाडूंवर झालेला आणि २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही आधाराला घेतला जातो. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे, कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार मिनिटांच्या चार फेऱ्या आणि मधे तीन मिनिटं हलकं जॉगिंग. शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, ५८ वरून ६४ वर गेली. सामन्यात कापलेलं अंतर २० टक्क्यांनी वाढलं, स्प्रिंट दुप्पट झाले आणि चेंडूशी संबंध येण्याचे प्रसंगही वाढले. उडी, ताकद आणि वेग कमी झाले नाहीत. ‘दम केला की पाय जड होतात’ या कट्ट्यावरच्या समजुतीला हे उत्तर पुरेसं आहे.

हेच टेंबलाईच्या चढावर केलं तर ठोके लवकर चढतात आणि पायांवर आदळ कमी होतो. वय २२ असेल तर २०८ मधून वयाचे ०.७ पट वजा करा: कमाल ठोके साधारण १९३, म्हणजे १७४ ते १८३ च्या दरम्यान राहायचं. घड्याळ नसेल तर साधी खूण अशी, की दोन-तीन शब्दांपुढे बोलता येऊ नये, पण चौथी फेरी संपल्यावर ‘दामटलं तर पाचवी होईल’ असं वाटावं. पहिल्याच मिनिटाला सुसाट सुटणारा गडी तिसऱ्या फेरीत चालायला लागतो. चढ लवकर संपला तर सपाटीवर वेग वाढवून चार मिनिटं पुरी करा. उतरताना मात्र सावकाश, नाहीतर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. यातली खरी अडचण कंटाळ्याची. एकट्याने हे आठ आठवडे रेटणारी पोरं थोडी.

चारास चारचा खेळ इथेच बाजी मारतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात ज्युनियर खेळाडूंचे दोन गट केले: एकाला नुसती धावण्याची इंटरव्हल, दुसऱ्याला छोट्या जागेतले खेळ. दम दोघांचाही जवळपास सारखाच वाढला. मग चेंडूचा स्पर्श, वळणं, नजर फुकटात मिळत असताना नुसतं का पळायचं? अट एवढीच की खेळ रेंगाळता कामा नये. साधारण २० बाय ३० मीटर जागा, चार मिनिटांचा डाव, बाहेर गेलेल्या चेंडूऐवजी लगेच दुसरा आत टाकायला कडेला माणूस उभा, आणि प्रशिक्षकाचा आवाज चढलेला. प्रशिक्षक फोनवर बोलत असला की ठोके खाली येतात. दोन उणिवा आहेत. संघातल्या सर्वांत दमदार खेळाडूला यात पुरेसा ताण बसत नाही. आणि जागा लहान असल्याने पूर्ण वेगाची धाव होतच नाही, म्हणून आठवड्यातून एकदा ३०-४० मीटरचे चार-सहा पूर्ण स्प्रिंट वेगळे मारावे लागतात.

दुखापतींचा संबंध थकव्याशी आहे. प्रत्येक हाफच्या शेवटच्या टप्प्यात मांडीमागचा स्नायू ओढला जाण्याचं प्रमाण वाढतं. दम त्याला अंशतः आवर घालतो, पण तो स्नायू वेगळा मजबूत करावाच लागतो. गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे धरलेले, अंग हळूहळू पुढे सोडायचं, या नॉर्डिक व्यायामाने अशा दुखापती जवळपास निम्म्या होतात. दहा मिनिटांचं काम, तरी तालमीत क्वचितच कोणी करतं. सरावानंतर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायची सवय असेल तर ती चांगलीच आहे. दुधातून पाणी, क्षार आणि प्रथिनं एकदम मिळतात.

चाळिशी ओलांडून हौसेने खेळणाऱ्यांनी इंटरव्हलच्या नादी लागण्याआधी रक्तदाब आणि ईसीजी करून घ्यावा. आठवड्यातून दोनदा तासभर फुटबॉल खेळला तरी रक्तदाब उतरायला मदत होते, हे डेन्मार्कमधल्या कामातून दिसलं आहे. पळताना छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यांपैकी काही असेल तर वय विशीचं असलं तरी आधी डॉक्टर. १२ जून २०२१ ला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन ऐन सामन्यात कोसळला आणि तत्काळ सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणं) व डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) मिळाल्यामुळे वाचला. प्रत्येक संघात सीपीआर येणारी दोन माणसं तरी हवीत.

माझा कौल असा: मैदान आणि आठ माणसं मिळत असतील तर दोन्ही दिवस चारास चार. मैदानात चिखल असेल किंवा एकटेच असाल तर टेंबलाई. संघातल्या सर्वांत दमदार गड्याने एक दिवस हे, एक दिवस ते. रंकाळा सुट्टीनंतरच्या सुरुवातीला आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, तोही गप्पा मारता येतील अशा चालीने. सामन्याआधीच्या दोन दिवसांत मात्र यांपैकी काहीही नको.