केसगळती: आधी ताट बदलायचं की कंगवा?

केस गळायला लागले की सल्ले दोन बाजूंनी येतात. एक बाजू म्हणते खाणं सुधारा, दुसरी म्हणते केसांची निगा नीट राखा. दोन्ही सल्ले चांगले आहेत, पण ते वेगवेगळ्या तक्रारींवरचे आहेत. खाल्लेलं अन्न पोचतं ते टाळूच्या आत, मुळापर्यंत. बाहेर दिसणारा केस म्हणजे केराटिन नावाचं मृत प्रथिन, त्याला कितीही पौष्टिक खाऊन काही मिळत नाही. त्याचं बरंवाईट होतं ते कंगवा, उष्णता आणि ताण यांच्यामुळे.

म्हणून आधी गळलेला केस हातात घेऊन बघा. एका टोकाला बारीकशी पांढरट गाठ असेल, तर तो मुळापासून सुटलाय. गाठ नसेल आणि तुकडे आखूड-लांब असतील, तर तो मधेच तुटलाय. पहिल्या प्रकारात आहाराकडे बघायचं, दुसऱ्यात सवयींकडे. आणि दिवसाला 50 ते 100 केस मुळापासून सुटत असतील, तर दोन्हीकडे बघायची गरज नाही. तेवढे सगळ्यांचेच जातात.

आहार

डोक्यावरच्या साधारण एक लाख केसांपैकी बहुतेक वाढीच्या अवस्थेत असतात आणि थोडे विश्रांतीच्या. शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे जोराचा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा झटपट वजन उतरवणारं डाएट, की एरवीपेक्षा बरेच जास्त केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. त्यामुळे आज गळणाऱ्या केसांचं कारण या आठवड्याच्या जेवणात शोधून सापडत नाही, दोन-तीन महिने मागे जावं लागतं. वजन घटवण्यासाठी ज्यांनी जेवण निम्म्यावर आणलंय, त्यांना आहार सुधारण्याचा फायदा सगळ्यात स्पष्ट दिसतो.

दोन गोष्टींची कमतरता खरोखर महत्त्वाची: प्रथिनं आणि लोह. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. डाळी, दूध, अंडी, मासे यांतून ती सहज निघतात, पण एक वेळचं जेवण टाळणाऱ्यांच्या बाबतीत हा हिशोब चुकतो. लोहाचा प्रश्न मुख्यतः मासिक पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांचा. हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून निर्धास्त राहू नका. साठ्यातलं लोह फेरिटिनच्या तपासणीत कळतं आणि साठा आधी आटतो. पालेभाज्या-डाळींमधलं लोह शोषलं जायला सोबत लिंबासारखं आंबट काही हवं. जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली की शोषण घटतं. ही सवय मोडायला काहीच खर्च नाही, तरी तीच सगळ्यात शेवटी सुटते!

ताटाऐवजी गोळी?

कमतरता तपासणीत दिसली असेल तर गोळी हवीच, नुसत्या पालकाने रिकामा लोहसाठा भरायला फार काळ लागतो. पण तपासणी न करता 'केसांसाठी' म्हणून घेतलेल्या गोळ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. बायोटिन या ब-जीवनसत्त्वाची रोजची गरज अवघी 30 मायक्रोग्रॅम आहे आणि त्याची कमतरता दुर्मीळ. बाजारातल्या गोळ्यांत मात्र ते 5,000 ते 10,000 मायक्रोग्रॅम असतं. इतक्या मात्रेने थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून रक्त देण्याआधी ती गोळी चालू असल्याचं सांगायलाच हवं. जीवनसत्त्व अ आणि सेलेनियम यांचा तर अतिरेकच केस गळवतो. म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली, तेच वाढवून ठेवायचं.

सवयी

इथे सगळ्यात वरचा क्रमांक घट्ट बांधलेल्या केसांचा. रोज ताणून घातलेली वेणी, उंच बांधलेला पोनीटेल, वजनदार एक्स्टेन्शन्स यांनी कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस विरळ होतात. लवकर सैल केले तर ते परत येतात. वर्षानुवर्षं ओढ राहिली तर तिथे व्रण होऊन मूळच नष्ट होतं. केस बांधल्यावर टाळू दुखत असेल, तर तेवढा इशारा पुरे.

बाकीचं थोडक्यात. ओला केस सहज ताणला जाऊन तुटतो, तेव्हा गुंता रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर सोडवत जावा. सरळ करण्याचं तापतं यंत्र रोज नको. खोबरेल तेल केसातून प्रथिनं निघून जाणं कमी करतं, त्यामुळे तुटण्यावर त्याचा उपयोग आहे. मुळापासूनची गळती थांबेल ही अपेक्षा त्याच्याकडून नको. आणि शाम्पूला उगाच दोष देऊ नका. न्हाताना हातात येतात ते केस आधीच सुटलेले असतात. चार दिवस न्हाला नाहीत तर चार दिवसांचे एकदम दिसतात.

किती दिवसांत फरक?

सवयी बदलल्या की नवं तुटणं लगेच कमी होतं. मात्र केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे खराब झालेली 15 सेंटिमीटर लांबी बदलायला वर्षाहून जास्त काळ जातो. आहाराचं उलटं आहे: पहिले तीन महिने काही जाणवत नाही, मग गळती ओसरते आणि भांगाजवळ आखूड नवे केस दिसू लागतात. तापानंतरची किंवा बाळंतपणानंतरची गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. तेव्हा त्या काळात जे काही लावलं-खाल्लं असेल, त्यालाच श्रेय मिळतं.

दोन्ही पर्याय अपुरे कुठे?

फरशीवर फार केस दिसत नाहीत, पण भांग रुंदावतोय किंवा कपाळाचे कोपरे मागे सरकताहेत, तर ही आनुवंशिक गळती असण्याचा संभव जास्त. ती ना ताटाने थांबते ना कंगव्याने. तिथे मिनॉक्सिडिल, पुरुषांसाठी फिनास्टेराइड अशी औषधं आहेत. त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केली की फायदाही जातो, त्यामुळे आधी आहार सुधारून बघू म्हणत दोन वर्षं घालवणं महाग पडतं. गोल चकत्यांमध्ये केस जाणं म्हणजेच चाई, टाळूवर लाली, खपल्या किंवा वेदना यांपैकी काही असेल, तर घरी काही न करता थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं.