तीस हजारांचा कोर्स आणि उधारीचा फोन

सांगलीतल्या धंदेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली दर आठवड्याला एक तरी पोस्टर येतं. कोट घातलेले सर, मागे उगवता सूर्य आणि खाली 'यशस्वी उद्योजकाची मानसिकता'. असाच एक कोर्स मी दिवाळीनंतर केला. तीन दिवसांचं निवासी शिबिर, पुढे दर आठवड्याला ऑनलाइन सेशन, एक जाडजूड डायरी आणि अर्थातच ग्रुप. फी जीएसटी धरून तीस हजारांच्या आसपास. शिबिरातून बाहेर पडल्या पडल्या लिहिलेल्या रिव्ह्यूवर माझा विश्वास नाही, तेव्हा माणूस हवेत असतो. म्हणून आठ-नऊ महिने जाऊ दिले आणि आता लिहितेय. नाव देत नाही. चौकशी केली तेव्हा दिसलं की या कोर्सांमधलं सामान बहुतेक सारखंच असतं, आणि मला बोलायचंय ते त्या सामानाबद्दल.

माझं कुपवाड एमआयडीसीत हळद पावडर आणि मसाल्यांचं छोटं युनिट आहे. मार्केट यार्डात सौद्यातून राजापुरी हळकुंड घ्यायचं, दळून पॅक करायचं आणि मिरज, तासगाव, विटा, जत, इचलकरंजीच्या किराणा दुकानांना द्यायचं. हळकुंडाचे पैसे अडत्याला ठरल्या मुदतीत जातात. पावडरचे पैसे दुकानदाराच्या मनात येईल तेव्हा येतात. मधल्या काळाचं सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज मी भरते.

वाया गेलं ते आधी उरकते. पहाटे पाचला उठणं. आमच्याकडे दूधवाले, भाजीवाले आणि ऊसतोडीची माणसं त्याच्याही आधी उठतात, मग त्यांची उलाढाल एव्हाना कोटीत असायला हवी होती. आरशासमोर उभं राहून 'मी यशस्वी आहे' म्हणणं दोन दिवस केलं, तिसऱ्या दिवशी मुलगी दारात उभी राहून हसायला लागली. स्वप्नांच्या फळ्यावर निम्म्या लोकांनी एकाच कंपनीची गाडी चिकटवली होती. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन माणसानं १९८० च्या दशकाच्या शेवटी काढलेली पद्धत वाईट नाही. पण पल्व्हरायझर, म्हणजे दळणाचं मशीन, चालू असताना 'मला पंचवीस मिनिटं कोणी हाक मारू नका' असं कुठल्या मालकिणीला म्हणता येतं? रात्री घरी कॉस्टिंगला बसते तेव्हा मात्र वापरते.

'एकवीस दिवसांत सवय लागते' हे तर शिबिरात मंत्रासारखं म्हणवून घेतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना घेऊन हे तपासलं होतं. २००९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यातून निघालं, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत. हे माहीत नसलेली माणसं बाविसाव्या दिवशी डायरी कपाटात टाकतात. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांचं तेच झालं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. चौथ्या की पाचव्या ऑनलाइन सेशनला विषय होता 'अवघड संभाषण'. सरांनी जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची 'जर-तर' पद्धत सांगितली. १९९० च्या दशकातलं त्यांचं काम. नुसतं 'मी वसुली करीन' असं ठरवून माणूस हलत नाही. 'समोरचा असं म्हणाला, तर मी असं म्हणेन' हे आधीच पक्कं केलं की ऐनवेळी विचार करावा लागत नाही. माझा वसुलीचा फोन तोवर असा असायचा : 'आण्णा, जरा बिलाचं बघा की.' 'होय होय वहिनी, बघतो.' संपलं. पैसे मागितल्याचा संकोच मलाच, आणि बाकी त्यांची.

मग फोनच्या आधी वहीत तीन ओळी लिहायला लागले. कुठली बिलं, किती रक्कम, आणि टाळाटाळ झाली तर पुढचं वाक्य काय. तासगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देते.

'आण्णा, नमस्कार. फेब्रुवारीच्या दोन बिलांचे अठरा हजार चारशे राहिलेत.'

'देतो की वहिनी. पळून चाललोय काय आम्ही?'

'तसं कुठं म्हणतेय मी. कधी देताय तेवढं सांगा.'

'पुढच्या आठवड्यात बघू.'

वहीत लिहिलं होतं : 'पुढच्या आठवड्यात' म्हणाले तर वार विचारायचा. 'कुठल्या वारी, आण्णा? आमची गाडी बुधवारी तुमच्याकडं असते.' आणि यानंतर गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात जड गेलं. एरवी मीच घाईघाईनं 'बरं बरं, सवडीनं द्या' म्हणून मोकळी व्हायचे. पलीकडून खोकल्याचा आवाज, कुणालातरी 'साखर दोन किलो बांध' म्हटल्याचा आवाज. मग, 'बुधवारी निम्मे घेऊन जा. राहिलेले महिनाअखेर.'

'निम्मे म्हणजे नऊ हजार दोनशे. लिहून घेते.'

बुधवारी ड्रायव्हरनं नऊ हजार आणले. दोनशे आण्णांनी ठेवलेच. पण त्या दुकानाची येणी इतक्या लवकर कधी हलली नव्हती, आणि महत्त्वाचं म्हणजे आण्णा रागावले नाहीत, पुढची ऑर्डरही नेहमीसारखीच आली. धंदा तुटेल ही माझी सगळ्यात मोठी धास्ती होती.

कोर्सनं एक गोष्ट सांगायला हवी होती, ती सांगितली नाही, सीएंनी सांगितली. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, हे २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यातच आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यात १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही तरतूद आली : मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी खर्चात धरता येते. आता माझ्या बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि मुदत छापलेली असते. आण्णांसारख्या दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही, पण मोठ्या स्टॉकिस्टचा अकाउंटंट मार्च जवळ आला की स्वतःहून फोन करतो. फोनवर नीट बोलता येणं आणि हातात कायदा असणं, दोन्ही लागतं.

दुसरी कामाला आलेली गोष्ट, कामं सोपवणं. 'जबाबदारी द्या' असं सगळेच म्हणतात, इथं कशी द्यायची ते सांगितलं : निर्णयाची मर्यादा रुपयांत लिहून द्या. पॅकिंग बघणाऱ्या मावशींना मी दोन हजारांपर्यंतचे निर्णय न विचारता घ्यायला सांगितले. आधी पाऊचचं सील सुटायला लागलं की मला फोन, मी मिरजेत बँकेत, तोवर मशीन बंद. आता त्या स्वतः तापमान कमी-जास्त करून बघतात, नाहीच जमलं तर टेफ्लॉनची पट्टी मागवून घेतात. एकदा नको ती पट्टी आली, दोनशे-तीनशे रुपये गेले, चालायचंच.

'असल्या ट्रेनिंगनं खरंच काही होतं का?' असं माझे मिस्टर अजूनही विचारतात. होतं, पण कशानं होतं ते बघावं लागतं. १९६४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत आणून उद्योजकतेची प्रेरणा वाढवण्याचं प्रशिक्षण दिलं होतं, आणि नंतर ती मंडळी धंद्यात जास्त हालचाल करताना दिसली. अलीकडचा दाखला आफ्रिकेतल्या टोगोचा आहे. १५०० छोट्या व्यावसायिकांचे तीन गट. एकाला हिशेब-मार्केटिंगचं नेहमीचं प्रशिक्षण, दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेण्याचं, अडचण आधी ओळखून पाऊल उचलण्याचं, तिसऱ्याला काहीच नाही. २०१७ मध्ये निकाल आले. काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत पुढाकारवाल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणानं ११ टक्के, आणि तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. त्या पुढाकाराच्या प्रशिक्षणात रोजच्या धंद्यातला सराव होता. माझ्या कोर्समध्ये असा सराव एकूण वेळेच्या पावभागही नसेल, बाकी टाळ्या आणि संगीत.

तक्रारीही आहेत. दुसऱ्या महिन्यापासून 'पुढच्या लेव्हल'साठी फोन सुरू झाले, त्याची फी लाखाच्या घरात. नको म्हटलं की 'तुमचा मनी ब्लॉक आहे', म्हणजे पैशाबद्दल मनात अडसर आहे, म्हणून सांगतात. उदाहरणं सगळी पुण्या-मुंबईची आणि परदेशातली. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यात, १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर कारखाना उभा केला, पण तीन दिवसांत त्यांचं नाव एकदाही निघालं नाही. ग्रुपवर सकाळी सुविचार आणि संध्याकाळी दुसऱ्या कोर्सच्या लिंका येतात, तो मी म्यूट केलाय.

नवीन धंदा असेल तर आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चौकशी करा. १९८८ पासून चालणाऱ्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे कार्यक्रम खिशाला परवडतात. धंदा पाच-सात वर्षं चालू आहे आणि नेमकं कुठं अडतंय हे माहीत असेल तरच खाजगी कोर्सचा विचार करा. पैसे भरण्यापूर्वी एखादं ऑनलाइन सेशन पूर्ण बघायला मागा, शिबिराचा हायलाइट व्हिडिओ नव्हे. प्रत्यक्ष बोलण्याचा सराव किती तास आहे ते विचारा. आणि फीचं बिल फर्मच्या नावानं, फर्मच्या जीएसटी नंबरवर घ्या, इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे फीवर भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतून वजा होतो. मला त्यांनी तसं बिल आपणहून दिलं नव्हतं. तीन ओळी वहीत लिहून फोन केला, तेव्हा दोन दिवसांत आलं.