बर कॅसल : दुर्बिणीसाठी गेलो आणि घराण्यातच अडकलो

आयर्लंडमधल्या काउंटी ऑफलीत बर नावाचं गाव आहे, आपल्या 'बरं'वरचं टिंब काढलं की झालं. हा विनोद मी दिवसभरात चार वेळा केला, पाचव्यांदा बायकोने पायी परत यायला सांगितलं.

मला फक्त तिथल्या वाड्याच्या, म्हणजे बर कॅसलच्या, आवारातली दुर्बीण बघायची होती. तिसरे अर्ल ऑफ रॉस (अर्ल म्हणजे तिकडची सरदारकीची पदवी), विल्यम पार्सन्स, यांनी १८४५ मध्ये उभी केलेली, ७२ इंचांचा आरसा, साडेसोळा मीटर लांब नळी, आणि १९१७ पर्यंत जगात हिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती! फोटोत अंदाज येत नाही, दोन दगडी भिंतींच्या मध्ये तोफ टांगल्यासारखी दिसते. भिंतींमुळे ती वरखाली भरपूर फिरते पण बाजूला अगदी थोडी, म्हणजे तारा समोर येईपर्यंत वाट बघत बसायचं, तेही आयर्लंडच्या ढगांत. तरी त्याच वर्षी साहेबांनी एम ५१ या दीर्घिकेचा, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाचा, भोवऱ्यासारखा आकार पाहिला आणि कागदावर काढला. आरसा काचेचा नव्हता, तांबं आणि कथील वितळवून ओतलेला, साधारण तीन टन वजन, भट्टीला जळण तिथलंच पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती. आता नळीत ॲल्युमिनियमचा आरसा आहे.

मी 'काय माणूस होता' म्हणत होतो तेवढ्यात बायको सायन्स सेंटरमधला बोर्ड वाचत म्हणाली, "आणि पैसे कुणाचे?" तर पैसे बरेचसे काउंटेसबाईंचे, म्हणजे अर्लसाहेबांच्या पत्नी मेरी यांचे, यॉर्कशायरच्या श्रीमंत घरातून आलेल्या. त्या स्वतः फोटोग्राफी करायच्या, १८५० च्या दशकात, केमिकल्समध्ये हात घालून! या दुर्बिणीचे बरेच जुने फोटो त्यांनीच काढलेले. माझ्या मते बघण्यासारखा भाग हाच, इथे निवांत वेळ ठेवा.

पदवीचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. कुटुंब १६२० पासून इथेच, गावाचं नावसुद्धा मधे पार्सन्सटाउन होतं. अर्लपद आधी घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे होतं, ती १७६४ मध्ये संपली, मग १८०६ मध्ये पदवी नव्याने दिली गेली ती अशी की काकांनंतर पुतण्याला मिळावी. काका-पुतणे म्हटल्यावर आपले कान टवकारतात पण इथे काका पुढच्याच वर्षी गेले आणि पुतण्या रीतसर दुसरा अर्ल झाला, दुर्बीणवाल्यांचे वडील ते हेच.

पुढे दुर्बीणवाल्यांच्या मुलांत नियमाप्रमाणे सगळं थोरल्याला. थोरला लॉरेन्स चौथा अर्ल झाला, त्याने चंद्रावरून येणारी उष्णता मोजली, तेही काही कमी नाही म्हणा. पण धाकटा चार्ल्स, ज्याच्या वाट्याला ना वाडा ना पदवी, त्याने १८८४ मध्ये स्टीम टर्बाइन, म्हणजे वाफेच्या जोरावर फिरणारं यंत्र, काढलं. १८९७ ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पिटहेडला राणी व्हिक्टोरियाच्या आरमाराची सलामी चालू असताना पठ्ठ्याने स्वतःची टर्बिनिया बोट मधून सुसाट नेली आणि आरमाराच्या बोटींना ती पकडता आली नाही. हे वाचून मी तिथेच एकटा हसलो.

एक गोष्ट मात्र चटका लावणारी. या मुलांनी वाफेवर चालणारी गाडी बनवली होती, १८६९ मध्ये गावातल्याच वळणावर त्यांची नात्यातली मेरी वॉर्ड त्यातून पडली आणि चाकाखाली गेली. मोटारगाडीच्या अपघातातला जगातला पहिला ज्ञात मृत्यू म्हणून तिचं नाव घेतलं जातं. बाई स्वतः मायक्रोस्कोपवाली, बघून बघून इतकी सुरेख चित्रं काढणारी, आणि लोकांना आठवते ती अपघातासाठी.

बाग प्रचंड आहे, बॉक्सवूडची कुंपणं दोन माणसं उभी केली तरी वर उरतील इतकी उंच. घराणं अजून वाड्यात राहतं, त्यामुळे आत जायची टूर ठरावीक दिवसांतच असते, आधी बघून घ्या. आणि बूट घाला, मी सँडल घालून गेलो होतो, पाऊस आला, परत येताना गाडीत मोजे हीटरवर वाळवत बसलो.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क पावसाचा कापलाय.