सायबर हल्ल्यांची माहिती वाटून घेण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

एका कंपनीवरील सायबर हल्ल्याची माहिती दुसरीला वेळेत मिळाली, तर तोच हल्ला तिथे रोखता येतो. याच विचाराने अमेरिकेतील वित्तीय संस्थांनी १९९९ मध्ये एफएस-आयसॅक हे देवाणघेवाणीचे केंद्र उभारले आणि २०१५ मध्ये तिथे अशा देवाणघेवाणीस संरक्षण देणारा कायदाही झाला. या चांगल्या प्रथेच्या आडूनच, अशीच देवाणघेवाण चालवणाऱ्या एका खासगी मंडळाकडून, आमच्या कंपनीची फसवणूक झाली. ती करणारे हॅकर नव्हते. रीतसर करारपत्र देणारे, अदबीने बोलणारे व्यावसायिक होते.

सदस्यांनी आपल्याकडील घटना नोंदवायच्या आणि मंडळाने त्या पडताळून, कंपनीचे नाव गाळून, इतरांना पाठवायच्या, असा वार्षिक वर्गणीचा व्यवहार ठरला होता. प्रत्येक नोंदीपुढे किती सदस्यांनी दुजोरा दिला याचा आकडा असे आणि वर्गणी खरे तर त्या आकड्यासाठीच होती. संशयास्पद आयपी पत्त्यांच्या (इंटरनेटवरील संगणकांच्या क्रमांकांच्या) व डोमेनच्या (संकेतस्थळांच्या नावांच्या) याद्या फुकट मिळतात. धोक्यांच्या माहितीची देवाणघेवाण करणारे मिस्पसारखे मुक्त सॉफ्टवेअर त्या आपोआप उतरवूनही घेते. दुर्मीळ असते ती एवढीच खात्री, की ही गोष्ट दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये प्रत्यक्ष दिसली आहे.

हा दुजोरा बनावट असल्याचे एका हॅशमुळे, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेल्या तिच्या ओळख-क्रमांकामुळे, उघड झाले. आम्ही पाठवलेला घातक फाइलचा नमुना, इतरांना तो निर्धोकपणे तपासता यावा म्हणून, निष्प्रभ केलेला होता. फाइलमधील एक बाइट बदलला तरी तिचा हॅश पूर्णपणे बदलतो. त्यामुळे त्या नमुन्याचा हॅश दुसऱ्या कोणावर झालेल्या खऱ्या हल्ल्यात सापडणे शक्य नव्हते. तरीही तोच हॅश अनेक सदस्यांच्या दुजोऱ्यासह आमच्याकडे परत आला. मग जुन्या नोंदी काढून पाहिल्यावर, त्यांतील बहुतेक सार्वजनिक याद्यांतून उचललेल्या आणि ‘पहिल्यांदा आढळल्याची’ तारीख बदलून ताज्या भासवलेल्या निघाल्या. हा प्रकार केवळ पैशांच्या नुकसानीवर थांबत नाही. आयपी पत्ते हात बदलत राहतात. काल हल्लेखोराकडे असलेला पत्ता आज एखाद्या निरपराध ग्राहकाकडे असू शकतो आणि शिळ्या यादीवर विसंबून फायरवॉल (नको त्या पत्त्यांना अडवणारी यंत्रणा) लावणारी कंपनी त्यालाच बाहेर अडवते.

आमची स्वतःची माहिती कुठे गेली, हे त्याहून गंभीर होते. हल्ल्याचे सविस्तर वर्णन आम्ही, माहिती किती दूर वाटायची हे रंगांनी सांगणाऱ्या ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉलच्या ‘अंबर+स्ट्रिक्ट’ या खुणेने दिले होते. सायबर घटना हाताळणाऱ्या पथकांच्या ‘फर्स्ट’ या संस्थेने २०२२ मध्ये आणलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार अशी माहिती मिळवणाऱ्याने ती आपल्या संस्थेबाहेर नेता कामा नये. तरीही तेच वर्णन, नाव तेवढे खोडून, मंडळाच्या चालकांनी आपले सुरक्षा-उत्पादन विकताना आमच्या परिचयाच्या एका कंपनीला दाखवले. ही खूण म्हणजे कायदा नव्हे, सभ्य लोकांमधील संकेत आहे. करारात तिच्या उल्लंघनाची जबाबदारी लिहिलेली नसेल, तर तक्रारीला आधार उरत नाही.

‘आमच्याकडे नोंद केली की कायदेशीर बंधन पूर्ण होते’ हे त्यांचे विधानही धादांत खोटे होते. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यानुसार वैयक्तिक माहितीच्या उल्लंघनाची सूचना सर्वसाधारणपणे ७२ तासांत पर्यवेक्षी प्राधिकरणाला द्यावी लागते. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना ६ तासांत सर्ट-इनला कळवाव्या लागतात. खासगी मंडळाची पोच त्या जागी चालत नाही.

अशा मंडळाचे निमंत्रण आल्यास वर्गणी भरण्यापूर्वी दोन सदस्यांशी चालकांना मध्ये न घेता बोलावे. एखादी नोंद निवडून ती कोणत्या प्रकारच्या स्रोताकडून आली आणि दुजोरा कसा मोजला, हे लेखी विचारावे. प्रामाणिक केंद्र स्रोताचे नाव देणार नाही, पण पद्धत निश्चित सांगेल. परीक्षा म्हणून खोट्या नोंदी पेरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मंडळ खरे असेल तर त्याचा त्रास इतर सदस्यांनाच होतो.

माहितीच्या अचूकतेची हमी नसल्याचे कलम दाखवून चालकांनी वर्गणी परत करण्यास नकार दिला. आमच्या नोंदी पुसल्याचे लेखी प्रमाणपत्र मागितले, त्यालाही उत्तर आले नाही. त्यामुळे त्या अहवालांत आलेली सर्व्हरची नावे आणि दूरस्थ प्रवेशाची मांडणी बाहेर फुटली आहे असे गृहीत धरून आम्ही ती बदलली.