बल्क कूलर घेताय? कोटेशनवरच्या '२ टन'ला भुलू नका

दुधाचा बल्क कूलर (दूध थंड करणारी टाकी) किंवा छोटी कोल्ड रूम घेणाऱ्यांनी हे वाचाच. मांजरी इथल्या आमच्या गोठ्यासाठी ५०० लिटरचा कूलर घेतला. कोटेशनवर थंड करण्याची क्षमता ठळक अक्षरांत '२ टन'. धारेचं दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर तीन तासांत आणून देतो, असं पुरवठादार छातीठोकपणे सांगत होता. लागायचे पाच तास! उन्हाळ्यात तर संध्याकाळचं दूध सकाळी केंद्रावर नापास. तक्रार केली की कधी व्होल्टेज कमी, कधी गॅस कमी, नाहीतर 'मे महिना आहे हो'. गॅस भरायचे पैसे वेगळे.

माझा मावसभाऊ रेफ्रिजरेशनची कामं करतो. तो म्हणाला, "दादा, आधी पाणी भरून बघू." टाकीत ५०० लिटर पाणी भरलं, ढवळणी चालू ठेवली, थर्मामीटर सोडला. २८ अंशांवरून ८ वर यायला पावणेतीन तास लागले. हिशोब सरळ आहे: ५०० किलो गुणिले २० अंश म्हणजे १०,००० किलोकॅलरी. एक टन म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी उष्णता काढणं. १०,००० ला पावणेतीन तासांनी आणि मग ३,०२४ ने भागलं तर मिळाले जेमतेम १.२ टन.

मग त्याने युनिटवरचं '२ टन'चं स्टिकर नखाने उचकटलं. खाली मूळ पाटी, कॉम्प्रेसरच्या मॉडेल नंबरासकट. कंपनीच्या तक्त्यात त्याचे २ टन दिले होते ते इव्हॅपोरेटर (गॅस उकळून थंडावा देतो तो भाग) ७.२ अंशांवर असताना, म्हणजे एसीच्या कामासाठी. दूध ४ अंशांवर न्यायचं तर गॅस शून्याखाली उकळावा लागतो. तिथे तो विरळ होतो, कॉम्प्रेसर दर फेऱ्याला कमी वजनाचा गॅस ओढतो आणि अंशागणिक साधारण ३-४ टक्के क्षमता जाते. पुरवठादाराला हे पक्कं ठाऊक होतं, नाहीतर पाटी झाकली कशाला? मला याचीच सर्वांत जास्त चीड येते.

आता पुरवठादार म्हणतो, धंद्यासाठी घेतलेल्या मालाची ग्राहक आयोगात तक्रार चालत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेल्या वस्तूला २०१९च्या कायद्यात सूट आहे, म्हणून स्टिकरचे फोटो आणि चाचणीची नोंद जोडून तक्रार दिली आहे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

तुम्ही कोटेशनवर इव्हॅपोरेटिंग (गॅस उकळतो ते) आणि कंडेन्सिंग (गॅस पुन्हा द्रव होतो ते) तापमानासह टन लिहून घ्या, कॉम्प्रेसरचं मॉडेलही. आणि पाण्याची चाचणी तुमच्यासमोर होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.