बाबांचा फोटो दोनदा काढला: ३०० चा आणि ६,५०० चा (अकरा महिन्यांनंतरचा अनुभव)

मागच्या ऑक्टोबरात बाबांची पंचाहत्तरी होती. हॉलमध्ये लावायला त्यांचा मोठा फोटो हवा होता. नागपुरात बर्डीवरच्या एका स्टुडिओत ३०० रुपयांत दहा मिनिटांत पोर्ट्रेट मिळत होतं. गेलो. "काका, हनुवटी खाली, स्माइल." चार फ्लॅश, झालं. प्रिंट हातात, फाइल व्हॉट्सॲपवर.

घरी आई चष्मा लावून बघत राहिली. "हे कोण आहेत बाप्पा?" खोली चिंचोळी, म्हणून फोटो काढणारा पोरगा बाबांच्या तोंडाशीच उभा होता. इतक्या जवळून नाक मोठं येतं, कान मागे जातात. वर ॲपने चेहरा असा गुळगुळीत केला की हनुवटीवरचा जुना व्रणही गेला. चष्म्याच्या दोन्ही काचांत फ्लॅशचे पांढरे गोळे.

मग धरमपेठेतल्या एका फोटोग्राफरकडे गेलो. ६,५०० रुपये, त्यात माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि फ्रेमसकट १२ × १८ इंची प्रिंट. (आकडा बाबांना अजून सांगितलेला नाही.) पहिला अर्धा तास कॅमेरा टेबलावरच. बाबा मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते हे कळल्यावर त्याने सहज विचारलं, "काका, नॅरोगेज म्हणजे दोन रुळांत नेमकं किती अंतर?" बाबा खुर्चीत सरसावले. "अडीच फूट! सातशे बासष्ट मिलिमीटर!" आणि दोन्ही हात पसरून दाखवले. २०१५ मध्ये छिंदवाड्याची छोटी लाइन बंद झाली, तिथपर्यंत गप्पा गेल्या. त्याने कॅमेरा कधी उचलला ते कळलंच नाही. ८५ मिमीची लेन्स, सात-आठ फुटांचं अंतर, एका बाजूला मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी). मध्येच उठून त्याने चष्म्याच्या काड्या कानांवरून जराशा उचलल्या. काचा किंचित खाली कलल्या आणि चमक गायब. भिंतीवर आता हात पसरलेले बाबा आहेत, व्रणासकट.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. नागपुरात कूलर दिवसभर चालतो, हॉलमध्ये ओल भरून राहते. तीनशेवाला फोटोही शेजारीच टांगलेला, थेट काचेला टेकून. जूनमध्ये काढायला गेलो तर अर्ध्या गालाचा पापुद्रा काचेवरच राहिला. दुसऱ्यात माउंटमुळे काच आणि कागदात फट आहे, त्याला काही झालेलं नाही. स्वस्तातला पुन्हा छापावा म्हटलं, तर व्हॉट्सॲपवरच्या फाइलची लांब बाजू १६०० पिक्सेल. १८ इंचांना ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ५४०० लागतात.

धरमपेठवालाही धुतल्या तांदळासारखा नाही. तीन आठवडे म्हणाला, सहा लावले. पंचाहत्तरीला भिंतीवर तीनशेवालाच होता, पाहुण्यांनी तोच पाहिला. फाइल्स फक्त तीन दिल्या, बाकीच्यांचे प्रत्येकी ५०० वेगळे, आणि हे आधी सांगितलं नाही. वर अल्बम घ्या म्हणून त्याचे दोनदा फोन. जाणार असाल तर फाइल्स किती आणि कोणत्या साइझच्या, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या.

आणि बर्डीचा स्टुडिओ काही मी सोडलेला नाही. बँकेच्या केवायसीला पासपोर्ट साइझ हवा होता, गेल्या आठवड्यात बाबांना तिथेच नेलं. पाच मिनिटांत आठ कॉप्या, ६० रुपये. स्टुलावर बसल्या बसल्या बाबांनी त्या पोरालाही अडीच फूट दाखवायला सुरुवात केली.

"काका," तो म्हणाला, "हात खाली."